मुंजाबाचा मफलर आणि म्होरक्या

आमच्या शाळेत तास कधी संपायचा हे भिंतीवरच्या घड्याळावर नव्हे, मुंजाबाच्या हातातल्या ओळीवर ठरायचं. मुंजाबा शाळेचा शिपाई. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली त्याचं स्टूल, फांदीला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. तास संपायची वेळ झाली आणि सुईवर ओळ अर्धी असली, तर तासाने थांबायचं. ओळ अर्धी टाकून उठणं म्हणजे अर्धी मेंढरं ओढ्याच्या अलीकडं आणि अर्धी पलीकडं ठेवून भाकरी खायला बसणं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे मुंजाबा बाळाचं टोपरं विणत असला की तास वेळेवर सुटायचे, आणि त्याने शाल विणायला घेतली की गणिताच्या तासाला मुली रडकुंडीला यायच्या.

"मामा, आज काय विणायलात?" असं मुली सकाळी फाटकातच विचारून घ्यायच्या.

"मोजं."

"लहान का मोठं?"

"बारक्या पोराचं."

मग मुली निर्धास्त होऊन वर्गात जायच्या.

ही शाळा मुलींची, औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीतली. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून पाच-सहा वर्षं झाली होती. मी तिथे मराठी शिकवायचो. म्हणजे मुंजाबाची ओळ संपेपर्यंत बोलत राहायचो.

मुंजाबाला बसलेला पाहिलं तर कुणाला हसू यावं. अंगाने तालमीतल्या पैलवानासारखा, मिशा गालांच्या बाहेर डोकावणाऱ्या, आणि त्या मिशांखाली ओठ पुटपुटत टाके मोजणारे. पण यात नवल काही नव्हतं. मुंजाबा फुलंब्रीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्यांच्यात लोकर ही बाप्याच्या हातातली वस्तू. मेंढरांमागे चालता चालता बापे चातीवर सूत काततात, त्याच सुताचं पुढे घोंगडं होतं. दुष्काळात कळप निम्मा झाला तेव्हा मुंजाबा शहरात आला, शिपाई झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे हात रिकामे पडले. स्टुलाच्या मागेच शिवण-विणकामाच्या वर्गाची खिडकी. आत आशाबाई मुलींना सुलट-उलट शिकवायच्या, बाहेर मुंजाबाचे हात शिवशिवायचे. एके दिवशी त्याने सायकलच्या चाकातल्या दोन तारा घासून टोकदार केल्या, आणि आतल्या मुली तिसऱ्या ओळीवर अडकलेल्या असताना बाहेर हा वीतभर विणून मोकळा झाला.

आशाबाई फुलंब्रीहून रोज एस्टीने यायच्या. घरची शेतीवाडी, बोलणं तुटक, नजर कडक. त्यांनी खिडकीतून डोकावून ते विणकाम पाहिलं.

"मुंजाबा, आत येऊन बसा की."

"नको बाई. पोरी लाजतील."

"पोरी कशाला लाजतात? लाजाल तुम्हीच."

"म्हणून तर नको म्हणतोय."

तेव्हापासून मुंजाबा खिडकीबाहेरचा विद्यार्थी झाला. त्याच्या घरी मात्र या विद्येचं कौतुक नव्हतं. त्याची बायको सुगंधाबाई म्हणायची, "शेजारणी इचारत्यात, तुझा नवरा विणतोय, मग तू काय मिशा राखतीस का?"

मुंजाबा हे ऐकून घ्यायचा. त्याला ऐकून घ्यायची सवय त्याच्या बापाने लावली होती. बापाचं नाव सोनाजी. हा म्हातारा अजूनही उरलेली मेंढरं घेऊन फुलंब्रीच्या रानात उघड्यावर राहायचा. त्याची सनावळी स्वतंत्र होती. पोलीस ॲक्शन झाली ते साल त्याच्या लेखी 'काळी मेंढी जुळी व्याली ते साल.' निजाम गेल्याची बातमी त्याला कुणीतरी बांधावर उभं राहून सांगितली होती, आणि त्याने एवढंच विचारलं होतं, "गायरान हाय तिथंच हाय ना?"

लेकाने कळप सोडून नोकरी धरली हे सोनाजीला आवडलं नव्हतं. तो भांडला नाही. त्याने फक्त लेकाच्या हातचं काही घेणं बंद केलं. मुंजाबाने सदरा नेला, तो पुढच्या खेपेला घडी न मोडता परत मिळाला. चपला नेल्या, त्या परत मिळाल्या. "बसून मिळालेलं मला नको," एवढंच म्हातारा म्हणाला. मागच्या थंडीत त्याचा खोकला छातीत उतरला. मुंजाबाने उचलून दवाखान्यात आणला, तर दोन दिवसांत तो उठून चालत रानात परत. कारण काय, तर खाटेवरून मेंढरं दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, गळा आणि छाती थंडीत झाकून ठेवा. छातीला घोंगडं होतं. गळा उघडाच होता.

त्या उघड्या गळ्याने मुंजाबाच्या डोक्यात घर केलं. लोकरीला तर आबा नाही म्हणणार नाहीत! त्याने मफलर विणायचं ठरवलं आणि शहागंजात चाऊसचाचांच्या लोकरीच्या दुकानी गेला. चाऊसचाचांनी गुंड्यांच्या राशीतून राखाडी काढला, कॉफी रंगाचा काढला. मुंजाबाने बोट ठेवलं ते पोपटी हिरव्यावर.

"हरा?" चाऊसचाचांनी चष्मा वर केला. "बड्डे मियां को हरा कायकू? मेंढ्यां गवत समझ के खा जाएंगे ना!"

"हिरवाच द्या, चाचा. एस्टीतून जाताना लांबून दिसलं पायजे, की आबा तिथं हाईत."

गुंडा कागदात बांधताना चाऊसचाचांनी वर एक छोटा गुंडा पैसे न घेता टाकला.

दिवाळीत मुंजाबा मफलर घेऊन रानात गेला. सोनाजीने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मेंढी हिरवी असती व्हय रं?"

"दुकानातली लोकर हाय, आबा."

सोनाजीने मान हलवली, आणि मग घोंगडं पारखतात तसं केलं. काठ दोन मुठीत धरून ताणला. अंगठ्याचं नख काठावरून वरपासून खालपर्यंत ओढत नेलं. नख दर बोटभर अंतरावर अडत होतं. कुठे गाठ, कुठे ढिला फासा, कुठे नुसताच फुगवटा.

"मधलं समदं चांगलं हाय," म्हातारा म्हणाला. "पर काठ बघ. कोकरानं चघळल्यावानी दिसतंय. काठ सरळ कर, मग घालीन."

मुंजाबाच्या जागी दुसरा असता तर हिरमुसला असता. मुंजाबा नाचतच परत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आबा 'नको' म्हणाले नव्हते, 'घालीन' म्हणाले होते. आडवा होता फक्त काठ.

आणि काठ हा काही साधा गडी नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मफलर म्हणजे दोन लांबलचक काठ आणि मधे जरा लोकर. स्वेटरचा काठ शिवणीत लपतो, मोज्याचा बुटात लपतो. मफलरचा काठ गळ्यात लोंबतो आणि गावभर बोलतो. मुंजाबाने आशाबाईंची खिडकी गाठली.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "ओळीतला पहिला टाका विणू नका. नुसता उचला."

"न विणता?"

"न विणता. धागा पुढं घ्या, टाका या सुईवरून त्या सुईवर सरकवा, धागा मागं न्या, आणि मग बाकीचे सगळे सुलट विणत जा. दर ओळीला तसंच. काठाला वेणीसारखी साखळी पडती. बघा."

त्यांनी स्वतःचा नमुना दाखवला. काठ असा, की फूटपट्टीने त्याच्याकडून धडे घ्यावेत. मुंजाबाने तो भक्तिभावाने पाहिला आणि परत दिला.

"आन त्यो बिचारा तसाच जाणार?"

"कोण बिचारा?"

"पहिला टाका."

आशाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. मुंजाबा टाके मोजायचा ते मेंढरं मोजतात तसे. प्रत्येकाला बोट लावायचं, ओठात आकडा म्हणायचा, मगच पुढे सोडायचं. सकाळी जाळीतून मेंढरं सोडताना एकही हात न लागता सुटता कामा नये, ही गोष्ट त्याने चालायला यायच्या आधी ऐकली होती. हात न लागलेलं मेंढरू म्हणजे हरवलेलं मेंढरू. आणि या बाई सांगत होत्या, दर ओळीतलं पहिलंच तसं सोडून द्या!

"संध्याकाळी कमी भरला म्हणजे?" तो म्हणाला.

"टाका चरायला जात नाही, मुंजाबा!"

वर्गातल्या मुली बाकांवर पडून हसल्या. मुंजाबाही हसला, पण त्याचा हात काही ऐकेना. त्याने बाईंचं सोडून बाकी सगळे उपाय केले. आधी पहिला टाका आवळून विणला. काठ आखडला, मधला भाग फुगला, आणि मफलरचं होडकं झालं. मग पहिला टाका ढिला सोडला. दोन्ही बाजूंना कानाच्या पाळ्या लोंबू लागल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं. ते विणकाम काठाकडून आत गुंडाळत गेलं आणि मफलरची सुरळी झाली.

"बरं झालं," सुगंधाबाई म्हणाली, "नळाला जोडता येईल."

"त्याला दोन्ही बाजूंनी चार-चार टाके कायम सुलट ठेवायचे असतात, मग गुंडाळत नाही," आशाबाईंनी खिडकीतून सांगितलं. "पण तुम्ही आधी पहिला टाका उचला हो!"

"दुसरं कायबी सांगा, बाई."

मग बाईंनी दुसरं सांगितलं. नवा गुंडा जोडायचा तो काठावर नाही, ओळीच्या मधे कुठंतरी, म्हणजे काठाला गाठ येत नाही. शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवायचा, नाहीतर टोक चिमटतं. झालं की ओलं करून, सपाट पसरून, टाचण्या लावून वाळवायचं. मुंजाबाने यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. गाठी गेल्या, टोक सुधारलं. राहिला तो काठाचा फुगवटा, दर ओळीला एक, इमानदारीने. प्रत्येक वेळी तो मफलर सगळा उसवायचा आणि पुन्हा टाके घालायचा. मुली बिचाऱ्या कंटाळल्या. मफलर म्हणजे काही टोपरं नव्हे, पण उसवताना धागा गुंडाळायलाही वेळ लागतोच, आणि तोवर घंटा गप्प.

पौष लागला. फुलंब्रीहून येणाऱ्या आशाबाईंनीच एके सकाळी सांगितलं, "मुंजाबा, तुमचे वडील काल रस्त्याच्या कडंला दिसले. खोकला एस्टीत ऐकू आला."

त्या दिवशी मुंजाबाने सगळ्या घंटा वेळेवर दिल्या. विणायला घेतलंच नाही. उशिरा सुटण्यापेक्षा शाळेला ते जास्त जाणवलं.

रविवारी तो फुलंब्रीला निघाला. मीही बरोबर गेलो. पिशवीत मफलर होता, पाचवा की सहावा अवतार, काठाने फुगलेलाच. मुंजाबा एस्टीत म्हणाला, "मास्तर, आज पाया पडतो आन म्हणतो, जसा हाय तसा घाला."

"घालतील?"

"नाय. पर म्हणून तर बघतो."

सोनाजीची मेंढरं काकासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या रानात बसवलेली होती. मेंढरं रात्रभर शेतात बसली की शेताला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी, उभी होती आणि आतून वाफा निघत होत्या. सोनाजी जाळीच्या तोंडाशी उभा. गळा उघडा. त्याने आम्हाला पाहिलं, खोकला, आणि म्हणाला, "आलास तर मागं जा. हाक."

मुंजाबा पिशवी माझ्याकडे देऊन मुकाट जाळीच्या मागच्या बाजूला गेला. मी तोंडाशीच थांबलो. सोनाजीने जाळीचं टोक उचललं. आतून गळ्यात घंटा बांधलेला एक मोठा मेंढा पुढे आला, मान ताठ करून, तहसीलदार कचेरीत शिरावा तसा बाहेर पडला आणि चालू लागला. मग मागून मेंढरं. सोनाजी प्रत्येकीच्या पाठीला हात लावत होता, ओठात मोजत होता. मला मुंजाबाचा नियम पाठ होता, म्हणून मी घाबरलो.

"आजोबा! पहिला तसाच सुटला! हात नाही लागला त्याला!"

सोनाजीचा हात थांबला नाही. तो हसला मात्र, आणि हसता हसता खोकला.

"मास्तर, त्यो म्होरक्या हाय. त्याला मोजत नसत्यात."

"पण मग एक कमी नाही का भरणार?"

"म्होरक्या कुठं कमी भरतोय? त्याच्यामागं तर समदी जात्यात. आन त्याला हात लावला की त्यो थबकतो. बघतो मागं वळून. मग मागल्या समद्या दाटत्यात, एकीवर एक चढत्यात, आन तोंडाशी ह्यो एवढा ढीग होतो." त्याने हाताने ढीग दाखवला. "त्याला नुसतं जाऊ द्यायचं. रांग आपसूक सरळ निघते."

जाळीच्या मागून हाकायचा आवाज बंद झाला होता.

मी मागे पाहिलं. मुंजाबा मेंढरांमधे, गुडघाभर लोकरीत उभा होता आणि आपल्या बापाकडे अशा नजरेने बघत होता, जशी आमच्या वर्गात परीक्षेच्या आदल्या दिवशी धडा अचानक उमगलेल्या एखाद्याच मुलीची होते. लहानपणी त्याने हजार वेळा मेंढरं सोडली होती, पण कायम मागच्या बाजूला उभं राहून, हाकायला. मोजणी त्याला फक्त ऐकू यायची. जाळीच्या तोंडाशी काय होतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"आबा," तो तिथूनच ओरडला, "त्याला कधीच हात लावत नाय?"

"कधीच नाय."

"मला कधी सांगितलं नाय ते!"

"तू कधी इचारलंस?" सोनाजी म्हणाला. "हाक की रं! निम्मी आतच हाईत."

मेंढरं बाहेर पडली. मुंजाबाने माझ्या हातातून पिशवी घेतली, मफलर काढला, आणि मला काही कळायच्या आत टोकाचा धागा ओढून सगळा उसवला. गुंडा खिशात घातला. चालता चालता सुयांवर टाके घातले. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी तो क्षणभर थांबला, धागा पुढे घेतला, आणि पहिला टाका न विणता, बोटही न लावता, सुईच्या टोकानेच पलीकडे सरकवला.

"जा बाबा," तो म्हणाला. "तू म्होरक्या हाईस."

त्या दिवशी आम्ही मेंढरांमागे दिवसभर चाललो. पुढे बाप चातीवर सूत काढत, मागे लेक सुयांवर ओळी घालत, आणि दोघांच्या मागे मी ठेचकाळत. मुंजाबा नांगरटीच्या ढेकळांतून चालत होता तरी त्याचा पाय एकदाही चुकला नाही. दुपारनंतर सोनाजी चालीत जरा मागे पडला आणि लेकाच्या बरोबरीने आला. मग म्हातारा म्हणाला, "चालायचं इसरला नाईस."

"नाय."

"मला वाटलं व्हतं, स्टुलावर बसून इसरला असशील."

मी हे ऐकून उगाच एका बाभळीकडे बघायला लागलो. संध्याकाळपर्यंत सुईवर बरीच पट्टी लोंबू लागली होती. काठाला वेणी पडली होती, आशाबाईंच्या नमुन्यासारखी. सोनाजीने ती पाहिली. हात लावला नाही. पुरी झाल्याशिवाय पारखायचं नसतं.

सोमवारी मुंजाबाने खिडकीतून ती पट्टी आत दिली. आशाबाईंनी काठावरून नजर फिरवली आणि कमरेवर हात ठेवले.

"दिवाळीपासून मी काय सांगतीये?"

"तुम्ही बरोबरच सांगत व्हत्या, बाई."

"मग ऐकलं का नाही?"

"तुम्ही टाका म्हणत व्हत्या," मुंजाबा म्हणाला, "म्होरक्या म्हणाल्या असत्या तर तवाच ऐकलं असतं."

आशाबाईंनी त्या वर्षापासून मुलींनाही तसंच शिकवायला सुरुवात केली. "म्होरक्या सोडा गं," असा आवाज विणकामाच्या वर्गातून यायचा. नव्या मुख्याध्यापिकेला वाटलं, शाळेत जनावरं आहेत.

संक्रांतीला मफलर गेला. सोनाजीने तो घेतला, काठ दोन मुठीत धरला, ताणला. अंगठ्याचं नख वरून ठेवलं आणि ओढत खाली आणलं. नख कुठेही अडलं नाही. त्याने उलटा करून दुसरा काठ घेतला. तोही गेला. मग म्हातारा मुंजाबाकडे न बघता मेंढरांकडे बघत म्हणाला, "रंग तेवढा सोड. काठ झ्याक हाय." आणि मफलर गळ्याभोवती दोन वेढे देऊन घातला. चाऊसचाचांचं भाकीतही खरं ठरलं. एका कोकराने टोक तोंडात धरलं. त्याला सोनाजीने जी थप्पड दिली, तशी त्याने मुंजाबाला लहानपणीसुद्धा दिली नव्हती, असं मुंजाबा मोठ्या आनंदाने सांगायचा.

खोकला त्या थंडीत छातीत उतरला नाही, गळ्यातच थांबला आणि कंटाळून गेला. म्हातारा मात्र वेगळ्या आजाराने पछाडला. फुलंब्रीच्या बाजारात जो भेटेल त्याच्यापुढे तो गळ्यातला मफलर काढून धरायचा. "ओढून बघ. काठ ओढून बघ. माझ्या पोरानं केलाय." लोक ओढायचे. शेतकरी ओढायचे, एस्टीचे कंडक्टर ओढायचे, काकासाहेबांनी तर दोन्ही हातांनी ओढला. एकदा स्टँडवर त्याने आशाबाईंनाही गाठलं.

"बाई, वढून बघा."

बाईंनी ओढून पाहिला. शिक्षकाच्या सवयीने नखही फिरवलं.

"छान आहे हो आजोबा. कुणी शिकवलं त्याला?"

"म्या," सोनाजी म्हणाला.

बाईंनी दुसऱ्या दिवशी हे मुंजाबाला सांगितलं, तेव्हा त्याच्या मिशा गालांच्या आणखी बाहेर गेल्या. सुईवर अर्धी ओळ होती, तरी तो उठला आणि घंटा दिली.

मफलर अजून आहे. इतक्या लोकांनी ओढून तो दरवर्षी थोडा थोडा लांबतोय. पहिल्या वर्षी गळ्याला दोन वेढे बसायचे, आता तीन बसतात. काठ मात्र सरळ आहे. फुलंब्रीच्या वाटेवर एस्टी वळणावर आली, की मुंजाबा खिडकीशी सरकतो, आणि करड्या रानात कुठे हिरवं दिसतंय ते बघतो. दिसलं की शेजारच्या अनोळखी माणसालाही कोपर मारून सांगतो, "त्ये बघा. आमचं आबा."